पावसाळ्यात लेपर्ड गेकोचं खाणं: किडे, पावडर आणि कोकणातली ओल

सड्यावरचा (धागाकर्ता)

मृग लागला की इथे तेच चार प्रश्न फिरून येतात. रातकिडे डब्यात पटापट मरतायत. मीलवर्मच्या (भुंग्याच्या जिवंत अळ्यांच्या) कोंड्यात पांढरी पूड हलतेय. कॅल्शियमच्या पावडरीचा ढेकूळ झालाय. गेको खात नाही. चौघांचं मूळ एकच, ओल. म्हणून हा वेगळा धागा.

लेपर्ड गेको हा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या खडकाळ मुलुखातला, पालीच्या जातकुळीतला प्राणी. त्याच्यावरची बहुतेक माहिती थंड देशांतल्या, हीटर लावून हवा सुकवलेल्या घरांसाठी लिहिलेली असते. त्यात 'अधूनमधून पाणी फवारा' असं असतं. रत्नागिरीत जुलैमध्ये तो फवारा मारलात तर पेटीत शेवाळ धरेल. ओल फक्त कात टाकायच्या बंद डबीत हवी. बाकी पेटी शक्य तितकी कोरडी.

आता खाणं. हा प्राणी निव्वळ कीटकभक्षी आहे. फळ, भाजी, पनीर, शिजवलेलं अंडं यातलं काहीही त्याला नको. वाळलेला जवळा चालतो का, हे दर महिन्याला कोणीतरी विचारतं. नाही. त्यात मीठ असतं, आणि न हलणाऱ्या वस्तूला गेको सहसा अन्न समजतच नाही. भक्ष्य दिसलं की तो मान उंचावतो, शेपटीचं टोक थरथरवतो, मग झेप घेतो. ती थरथर दिसली नाही तर भूक नाही असं समजा आणि किडे परत काढून घ्या.

प्रमाण: पहिले चार महिने रोज, ५ ते ७ छोटे किडे. पुढे वर्षाचा होईपर्यंत एक दिवसाआड. पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, एका वेळी ५ ते ७ मध्यम किडे. किड्याची जाडी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. वेळ संध्याकाळची, दिवेलागणीनंतर. पंधरा-वीस मिनिटांत जे खाल्लं नाही ते बाहेर काढायचं. रातकिडे रात्रभर पेटीत राहिले तर झोपलेल्या गेकोची बोटं आणि पापण्या कुरतडतात.

---

पागोळी

छान धागा. दोन प्रश्न. कॅल्शियम म्हणून पानाचा चुना चिमूटभर लावला तर? आणि किनाऱ्यावर समुद्रफेस (माकुळाच्या पाठीतलं पांढरं कवच) फुकट मिळतो, तो वापरता येईल का?

---

खाजणकाठ

पागोळीताई, चुना अजिबात नको. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानात कात-सुपारी असते आणि खाणारा माणूस असतो, तरी चुना जास्त झाला की तोंड भाजतं. ५० ग्रॅमच्या जिवाचं काय होईल बघा. तोंडाची आतली त्वचा आणि अन्ननलिका दोन्ही जळतात. आपल्याला हवं ते कॅल्शियम कार्बोनेट.

समुद्रफेस म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे कल्पना चुकीची नाही. पण किनाऱ्यावरचा तुकडा खारट असतो. गोड्या पाण्यात तीन-चार दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. मग एप्रिल-मेच्या उन्हात कडकडीत वाळवायचा. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, आतून दमटच राहतो. वरचं कडक कवच सोडून मऊ पांढरा भाग खरवडायचा, मिक्सरला फिरवायचा आणि मलमलच्या कपड्यातून चाळायचा. पूड टाल्कम पावडरीइतकी बारीक नसेल तर किड्याला चिकटत नाही, डब्याच्या तळाशीच राहते. एवढा खटाटोप नको असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची साधी पावडर घ्या, ज्यात डी३ (व्हिटॅमिन डी३) नाही ती. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नका. त्यांत बहुधा डी३ असतं, शिवाय साखर आणि स्वाद.

हे सगळं कशासाठी, तर रातकिडे असोत की मीलवर्म, त्यांच्यात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतं. गेकोला उलटं हवं, फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम. ते बाहेरून मिळालं नाही तर शरीर हाडांतून काढून घेतं. मग जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात.

---

डबेवाली

पूड लावायची रीत लिहिते, कारण निम्मे लोक ती भांड्यात किड्यांवर भुरभुरतात आणि वाया घालवतात.

झाकणाचा छोटा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आतून कोरडा. त्यात सहा-सात रातकिडे आणि पावडर पाव चमच्याहूनही कमी, खरं तर मोठी चिमूट. झाकण लावून डबा फिरवा, आपटू नका. रातकिडा पांढुरका दिसला की झालं, पिठात घोळलेल्या बोंबलासारखा दिसायला नको. आणि लगेच द्या. रातकिडे पाय आणि मिशा साफ करत बसतात. दहा मिनिटांनी बघाल तर निम्मी पूड गळलेली असते.

पावसाळ्यात मोठी बाटली रोज उघडू नका. दोन आठवड्यांपुरती पावडर छोट्या काचेच्या बाटलीत काढा, तीत सिलिका जेलची पुडी टाका, मोठी बाटली घट्ट बंद. जीवनसत्त्वांची पावडर उघडल्यावर सहा महिन्यांनी टाकून द्यायची, मग कितीही उरलेली असो. नुसतं कॅल्शियम कार्बोनेट टिकतं, पण ओलावलेलं चिकटत नाही.

---

कातळफूल

डी३ आणि जीवनसत्त्वं किती, हे कोणी स्पष्ट लिहील का? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं वाचायला मिळतं.

---

खाजणकाठ

वेगवेगळं मिळतं कारण उत्तर दिव्यावर अवलंबून आहे. पेटीवर कमी ताकदीची यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांची) नळी असेल तर त्वचा स्वतः डी३ बनवते, मग पावडरीतलं डी३ महिन्यातून एकदा-दोनदा पुरे. नळी नसेल तर आठवड्यातून एका जेवणाला डी३ असलेलं कॅल्शियम, बाकी जेवणांना बिनडी३. डी३ जास्त झालं तर ते शरीरात साठतं आणि कॅल्शियम नको त्या अवयवांत जमतं. म्हणून 'रोज थोडं जास्त असलेलं बरं' हा हिशेब इथे चालत नाही.

जीवनसत्त्वांची पावडर आठवडा-पंधरवड्यातून एकदा. डब्यावर व्हिटॅमिन ए 'रेटिनॉल' म्हणून आहे का ते बघा. नुसतं बीटा कॅरोटीन असेल तर कीटकभक्षी सरडेवर्गाला त्याचा नीट उपयोग होत नाही असं मानलं जातं. ए कमी पडलं की डोळे चिकटतात आणि पापणीखाली कात अडकते.

खिडकीतल्या उन्हावर विसंबू नका. काचेतून यूव्हीबी येत नाही, आणि काचेची पेटी उन्हात ठेवली तर प्राणी तासाभरात उकडून मरेल.

---

डबेवाली

आता रातकिड्यांचा डबा. पावसाळ्यात ते भुकेने मरत नाहीत, कोंदट हवेने आणि स्वतःच्या घाणीतल्या अमोनियाने मरतात. झाकण उघडल्यावर डोळ्यांना झोंबलं तर समजा उशीर झाला.

५०-६० लिटरचा प्लॅस्टिकचा टब घ्या. झाकणात एक आणि बाजूला एक अशा वहीच्या पानाएवढ्या दोन खिडक्या कापा आणि स्टीलची बारीक जाळी लावा. नायलॉनची जाळी ते कुरतडून काढतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा, म्हणजे विष्ठा खाली पडते. तळाला माती, भुसा काही नको. मोठे रातकिडे असतील तर अशा टबात दोनशेच्या वर जाऊ नका. पावसाळ्यात तळ आठवड्यातून दोनदा झाडा, ट्रे मऊ पडला की बदला. मेलेले रोज काढा. खोलीत पंखा मंद चालू असेल तर निम्मं काम होतं.

पाण्याची वाटी नको, ते बुडतात. गाजराचे किंवा दुधीचे काप पुरतात, पण उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता तसे आता ठेवू नका. सकाळी टाकलेला काप संध्याकाळी काढायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशी असते आणि तीच रातकिड्यांच्या पोटातून गेकोच्या पोटात.

पैदास करायची असेल तर वाटीत तीन-चार सेंटीमीटर ओला कोकोपीट. वरून जाळी ठेवा, माद्या जाळीतून अंडी घालतात आणि बाकीचे उकरून खात नाहीत. २८ ते ३० अंशांत दहा-चौदा दिवसांत पिल्लं. कोकोपीट इथे स्वस्त आहे, पण काथ्याच्या भुशात खार असू शकतो. दोन पाण्यांतून पिळून घ्या.

---

मोहोर

मूळ धाग्यात गट-लोडिंग, म्हणजे गेकोला द्यायच्या आधी किड्यांचंच पोट चांगल्या खाण्याने भरणं, राहून गेलंय, आणि माझ्या मते तोच निम्मा विषय आहे. दुकानातून आलेला रातकिडा बहुतेक वेळा रिकाम्या पोटाचा असतो. त्यावर कितीही पूड लावली तरी आत पोकळच.

आपल्याकडे त्यासाठी नाचणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या पिठाच्या कित्येक पट. चार चमचे नाचणीच्या पिठाला एक चमचा कॅल्शियम कार्बोनेट, सोबत शेवग्याचा पाला आणि लाल भोपळ्याची फोड. गेकोला द्यायच्या आधी २४ ते ४८ तास किडे वेगळ्या डब्यात यावर ठेवायचे. भोपळा विसरू नका, कोरडं पीठ पाण्यावाचून ते खात नाहीत. हे पीठ कायमचं खाणं करू नका. इतक्या कॅल्शियमवर रातकिडेच मरायला लागतात. नेहमीच्या टबात नाचणी, भाजलेला कोंडा आणि थोडं डाळीचं पीठ ठेवा.

अळू, पालक, माठ यांत ऑक्सलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. दारात अळू माजलंय म्हणून रोज तेच घालू नका.

---

कातळफूल

रातकिड्यांचा एवढा व्याप कशाला? मीलवर्म फ्रिजमध्ये राहतात, आवाज नाही, वास नाही. फक्त मीलवर्मवर वाढलेले गेकोही ठणठणीत असतात.

---

मोहोर

असतात, नाकारत नाही. मीलवर्म पोट फाडून बाहेर येतो ही तर निव्वळ दंतकथा आहे. पण त्यात रातकिड्यापेक्षा चरबी जास्त आणि कॅल्शियम फारच कमी. एकाच किड्यावर ठेवलात तर त्या किड्याची प्रत्येक कमतरता गेकोची होते. आठवड्यातल्या तीन जेवणांपैकी दोन रातकिडे किंवा डुबिया झुरळं आणि एक मीलवर्म, असं धरा. सुपरवर्म (मीलवर्मसारखीच पण मोठी अळी) फक्त पूर्ण वाढलेल्याला, एक-दोन. वॅक्सवर्म पंधरा दिवसांतून एखादा. ते इतके चरबट आणि चविष्ट असतात की चटावलेला गेको नंतर दुसरं तोंडात घेत नाही, आणि मग आठवडाभर त्याच्या नाकदुऱ्या काढत बसावं लागतं.

सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, मरतात. मीलवर्म ८-१० अंशांत राहतात, पण आठवड्यातून एक दिवस बाहेर काढून गाजर खाऊ घालायचं.

---

सड्यावरचा

कोंड्यातली हलणारी पूड म्हणजे धान्यातले कोळी, मुंगीच्या डोळ्याएवढे. डबा उघडून कडेला बोट फिरवा. बोटावर फिकट तपकिरी धूळ आली आणि ती सरकायला लागली तर तेच. गेकोला ते थेट काही करत नाहीत, पण मीलवर्मचं खाणं संपवतात आणि कोंड्याला घाणेरडा वास आणतात. कारण नेहमी ओला कोंडा.

इलाज असा: मीलवर्म चाळणीने वेगळे करा, जुना कोंडा घराबाहेर टाका, डबा गरम पाण्याने धुऊन कडकडीत सुकवा. नवीन कोंडा कढईत मंद आचेवर हात पोळेल इतका गरम करा आणि पूर्ण थंड झाल्यावरच भरा. गरम भरलात तर डब्यात वाफ धरते आणि चार दिवसांत पुन्हा तेच. गाजर कोंड्यावर थेट न ठेवता बाटलीच्या झाकणात ठेवा.

आणि मुंग्या. कोकणातल्या घरात हे कोणी लिहीत नाही. टबाच्या मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, दुधाच्या पातेल्याखाली परात ठेवतो तसं. पाण्यात साबणाचा थेंब टाका. मुंग्यांची पावडर किंवा खडू त्या खोलीत नको, रातकिडे त्यानेच आधी मरतील.

---

पागोळी

पहिल्या पावसात दिव्याभोवती ढिगाने पंखांच्या वाळव्या येतात. त्या पकडून दिल्या तर? आणि कंपोस्टच्या डब्यात काळ्या माशीच्या अळ्या होतात, त्यांत भरपूर कॅल्शियम असतं म्हणतात.

---

मोहोर

अळ्यांबद्दल ऐकलंत ते खरं आहे. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत मुळातच कॅल्शियम भरपूर असतं, तिला पूड लावायची गरज पडत नाही. पण कंपोस्टमधली अळी माशांची आतडी, कुजका कांदा, सगळं खाऊन वाढलेली. स्वच्छ खाण्यावर वाढवलेली विकत मिळत असेल तर घ्या, डब्यातली नको.

बाहेरचे किडे सरसकट टाळा. आंब्याला मोहोर आल्यापासून बागांत तुडतुड्यांवर फवारण्या चालू असतात, काजूवर ढेकण्यासाठी वेगळ्या. फवारलेल्या झाडावरून उडून आलेला नाकतोडा बघून कळत नाही. घरातल्या झुरळांचंही तेच, शेजाऱ्याने जेल लावलं असेल तर ते विष तुमच्या गेकोपर्यंत येतं. फवारणी नसली तरी जंत असतात.

एक खास सांगतो, मे-जूनमध्ये काजवे दिसतात तेव्हा पोरांना ताकीद द्या. अमेरिकेतल्या काजव्यांच्या विषाने पाळीव सरडे एखाद्या काजव्यातच मेल्याच्या नोंदी आहेत. आपले काजवे त्याच जातीचे नाहीत, पण हा प्रयोग करून बघायचा नाही.

---

पश्चिमवारा

जेवणाइतकंच जेवण पचणं. गेकोला पोटाखालून ऊब लागते. गरम बाजूचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश, थंड बाजू २५ च्या आसपास, आणि पेटीखालच्या ऊब देणाऱ्या मॅटला थर्मोस्टॅट पाहिजेच. ऊब नसेल तर किडा पोटात कुजतो आणि दोन दिवसांनी ओला काळपट गोळा बाहेर येतो. लोक कठीण कवचाला दोष देतात, बहुतेक वेळा दोष थंड फरशीचा असतो.

वादळाचा इशारा असेल त्या संध्याकाळी खायला घालू नका. वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि पूर्ण वाढलेला, जाड शेपटीचा गेको दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर त्याला काहीही होत नाही. भरल्या पोटी ऊब गेली तर होतं. जेवणानंतर वीज गेलीच, तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरून गरम बाजूला टेकवा. आत नको.

मे महिन्यात उलटं. थंड बाजूच ३२ वर जाते, मॅट बंद असली तरी. तेव्हा पेटी खाली फरशीवर आणा. खाणं आपोआप कमी होतं, जबरदस्ती करू नका. पाणी रोज बदला. मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, ते न देता पिण्याचं द्या.

आणि कृपा करून तळाला किनाऱ्याची वाळू घालू नका. झेप घेताना किड्याबरोबर वाळू तोंडात जाते आणि आतड्यात साचते. फरशीचा तुकडा किंवा कागद उत्तम.

---

कातळफूल

मान्य, रातकिडे आणतो. शेवटचं: खात नसेल तर काळजी कधी करायची?

---

खाजणकाठ

कात टाकताना रंग फिका पडतो आणि खाणं थांबतं, दोन-चार दिवस. नंतर स्वतःचीच कात खातो, ते नैसर्गिक आहे. नव्या घरात आठवडा-दोन आठवडे लाजतो. विणीच्या हंगामात नर खाणं सोडतात.

अंदाजाने ठरवू नका, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. दर आठवड्याला त्याच वाराला, जेवणाआधी वजन, कॅलेंडरवर लिहून ठेवा. नुकतं जन्मलेलं पिल्लू २ ते ४ ग्रॅमचं, पूर्ण वाढलेला साधारण ४५ ते ८० ग्रॅम. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर डॉक्टर. पिल्लू तीन-चार दिवस खात नसेल तर वजनाची वाट बघू नका.

शेपटी मानेएवढी जाड असावी. डोक्यापेक्षा रुंद झाली आणि काखेत फुगे दिसायला लागले तर एक जेवण कमी करा. शेपटी काडीसारखी होत असेल आणि विष्ठा पातळ असेल तर जंत किंवा क्रिप्टोची (आतड्यातल्या एका परजीवीची) शंका. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत, फ्रिजमध्ये, २४ तासांच्या आत तपासायला. बहुतेक तालुक्यांतले पशुवैद्य गाई-म्हशींचे, म्हणून गरज पडायच्या आधीच सरपटणाऱ्या प्राण्यांना बघणारा डॉक्टर शोधून ठेवा. आपल्याकडून त्यासाठी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला चौकशी करावी लागते.

---

सड्यावरचा

एक जोडतो, कारण व्यक्तिगत निरोपात विचारणा आली. रानात सापडलेला गेको घरी आणू नका. महाराष्ट्राच्या कोरड्या भागांत याचा भाईबंद राहतो, त्याला तिथेच राहू द्या. जखमी दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६. पाळायचा विचार असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. वन्यजीव कायदा २०२२ मध्ये सुधारला, परिशिष्टं बदलली, त्यामुळे विक्रेत्याच्या 'सगळं चालतं' यावर जाऊ नका. ज्यांच्याकडे आहे त्यांनी कागद जपून ठेवा.

---

डबेवाली

आणि ते कागद सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत त्यांनाही बुरशी :)